वेबसाइट कोणाच्या नावावर?

वेबसाइट करून घ्यायची म्हटली की डिझायनरला विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: खर्च किती येईल? पाठोपाठ दुसरा: कधी मिळेल? साइटवर काय असणार, ती कोण बघणार, पैसे ऑनलाइन घ्यायचे की नाही, यातलं काहीच ठरलेलं नसताना जो फोनवर आकडा सांगून मोकळा होतो, तो सगळ्यांना एकच तयार साचा विकत असतो. साचा घ्यायलाही हरकत नाही. फक्त आपण साचा घेतोय हे माहीत असावं आणि दामही साच्याचाच द्यावा.

मुळात साइट हवीच का, हे आधी बघा. घरगुती डबे देणाऱ्या काकू, ब्लाउज शिवणाऱ्या ताई किंवा एकाच उपनगरात फिरणारा इलेक्ट्रिशियन यांचं काम गुगल मॅपवरची नोंद, त्यावर खरे फोटो, बरोबर वेळा आणि व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग एवढ्यावर वर्षानुवर्षं भागतं. सगळं फुकट, घरबसल्या होणारं. अशांना डिझायनरकडे जाऊच नका म्हणून सांगायला मला जराही संकोच वाटत नाही. एक मात्र खरं, की ही जागा दुसऱ्याची असते. गुगल पूर्वी या नोंदीबरोबर एक छोटी फुकट साइटही देत असे. मार्च २०२४ मध्ये ती सोय बंद झाली आणि ज्यांनी तो पत्ता पाटीवर, कार्डावर, टेंपोवर रंगवला होता, त्यांचा पत्ता निकामी झाला.

ज्याला साइट खरोखर लागते असा एक धंदा घेऊ. रत्नागिरी किंवा देवगडकडचा बागायतदार आहे. वाशीच्या दलालाकडे पेट्या पाठवण्याऐवजी त्याला पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला थेट हापूस विकायचा आहे. धंदा मार्च ते मेअखेर. त्याला काय काय लागेल? पेटी किती डझनाची, फळ साधारण किती ग्रॅमचं, त्याप्रमाणे दर. दर हंगामात सतत हलणार, म्हणजे तो डिझायनरला फोन न करता स्वतःच्या मोबाइलवरून बदलता आला पाहिजे. कोणत्या पिनकोडला माल जातो आणि गाडी कोणत्या वारी निघते. फळ कच्चं येईल, घरी अढीत किती दिवस ठेवायचं, कसं ओळखायचं. कापल्यावर साका, म्हणजे आतून बिघडलेला गर, निघाला तर भरपाई कशी, फोटो किती वेळात पाठवायचा. आणि दिवसाच्या पेट्या संपल्या की ऑर्डर घेणं आपोआप थांबलं पाहिजे, नाहीतर एप्रिलमध्ये रोज वीस जणांची माफी मागत बसावं लागेल.

डिझायनरला भेटण्याआधी एवढं एका कागदावर लिहून काढा. पहिल्या पानावर सरकणारी चित्रं, पानं गळणारी ॲनिमेशनं, ‘आमची परंपरा’, ‘आमचं ध्येय’ यातलं काहीही या कागदावर नसलं तरी चालेल. हाच कागद दोघा-तिघांना द्या आणि लेखी कोटेशन मागवा. वेगवेगळ्या तोंडी गप्पांवरून आलेले आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. एकाने चार पानं धरलेली असतात, दुसऱ्याने पेमेंट गेटवेही धरलेला असतो. कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी धरून की सोडून, मजकूर कोण लिहिणार, फोटो कोण काढणार, किती वेळा बदल करून मिळतील आणि दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी किती भरावं लागेल, हे आलं पाहिजे. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. पहिल्या वर्षी ‘डोमेन-होस्टिंग फ्री’ असतं आणि दुसऱ्या वर्षी जे बिल येतं ते बघून डोळे पांढरे होतात.

कागदावर आणखी एक ओळ लिहून ठेवा. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते वापरायचं तर बागायतदाराने स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलेली असावी लागते. डिझायनर इंटरनेटवरून चिन्ह उचलून सजावटीसाठी लावून देईल. त्याला ही अट माहीत नसते आणि जाब त्याला कोणी विचारणारही नाही. सेंद्रिय, निर्यातीच्या दर्जाचा, रसायनविरहित असे शब्दही तो सवयीने टाकतो. जे सिद्ध करता येणार नाही ते काढायला लावा.

आता सगळ्यांत जास्त रडारड ज्यावरून होते ती गोष्ट: डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता. हा साइटचा सातबारा समजा. बांधकाम कोणीही केलेलं असो, नाव कोणाचं लागलंय त्यावर सगळं अडतं. होतं असं, की मालकाला या भानगडीत पडायचं नसतं, डिझायनर म्हणतो “मी बघतो”, आणि तो स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने डोमेन घेतो. बहुतेकदा यात लबाडी नसते, सोय असते. पुढे तो नोकरी धरतो, बेंगळुरूला जातो, नंबर बदलतो. दोन वर्षांनी नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या इनबॉक्समध्ये पडून राहते आणि एका सकाळी साइट बंद.

डॉट कॉमचं नूतनीकरण चुकलं तर लगेच सगळं संपतं असं नाही. मुदत संपल्यावर काही दिवस, रजिस्ट्रारप्रमाणे (म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीप्रमाणे) जास्तीत जास्त ४५ दिवसांपर्यंत, नेहमीच्या दराने पैसे भरता येतात. त्यानंतर ३० दिवसांचा काळ असा, की नाव परत मिळतं पण जबर दंड भरून. मग पाच दिवस कोणालाच काही करता येत नाही आणि शेवटी नाव बाजारात मोकळं होतं. चांगली नावं टिपायला लोक टपलेलेच असतात. जुन्या पत्त्यावर मग जुगाराची जाहिरात झळकते आणि तुमच्या पेटीवरचा क्यूआर कोड गिऱ्हाइकाला तिथे नेऊन सोडतो.

म्हणून डोमेन स्वतः घ्या. पंधरा मिनिटांचं काम आहे. रजिस्ट्रारच्या साइटवर स्वतःच्या ईमेलने खातं उघडा, मोबाइल तुमचा, मालक म्हणून नाव तुमचं किंवा फर्मचं, पैसे तुमच्या यूपीआयवरून. ईमेल जो रोज उघडता तोच द्या. खास या कामापुरता काढलेला आणि पासवर्ड विसरलेला नको. डॉट कॉमला वर्षाला साधारण हजार-दीड हजाराच्या आतबाहेर पडतात, जमलं तर एकदम तीन-चार वर्षांचे भरून टाका. डिझायनरला काम करायला तेवढ्यापुरता प्रवेश देता येतो, त्यासाठी मालकी द्यावी लागत नाही. आधीच दुसऱ्याने घेतलेलं असेल तर “नाव तुमचंच आहे हो” यावर विसंबू नका. पूर्वी डोमेनचा मालक सहसा उघड दिसत असे, आता गोपनीयतेमुळे ते नाव बहुधा झाकलेलं असतं. त्यामुळे लॉगिन करून प्रत्यक्ष दाखवायला सांगा, नाहीतर ट्रान्सफर कोड घेऊन डोमेन आपल्या खात्यात आणा.

डॉट इन घ्यायलाही हरकत नाही. त्याचा कारभार नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, ही संस्था बघते आणि नावावरून वाद झाला तर त्यासाठी वेगळी लवाद पद्धत आहे. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं, त्यात मराठी पत्ता घेता येतो. दिसायला छान. पण त्यावरचा ईमेल अजून बऱ्याच ठिकाणी स्वीकारला जात नाही आणि फोनवर पत्ता सांगितला की समोरचा तो रोमनमध्येच टाइप करतो. घ्यायचाच तर जोडीला घ्या आणि मुख्य पत्त्याकडे वळवून ठेवा.

होस्टिंग, म्हणजे साइट जिथे ठेवली जाते ती जागा, याबद्दल फार डोकं शिणवू नका. खातं तुमच्या नावाचं, बॅकअप रोजचा किंवा निदान आठवड्याचा, आणि तो बॅकअप त्याच सर्व्हरवर न ठेवता दुसरीकडेही. साइटची देवाणघेवाण सुरक्षित करणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्राचे कोणी दरवर्षी हजारो रुपये मागत असेल तर कारण विचारा. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं फुकट मिळतात आणि साध्या साइटला ती पुरतात. प्रमाणपत्र नसेल तर मात्र क्रोम २०१८ पासून गिऱ्हाइकाला ‘सुरक्षित नाही’ असं स्पष्ट दाखवतो. साइट एका होस्टिंगवरून दुसरीकडे हलवताना मात्र जपा: त्याच डोमेनवर ईमेलही चालू असेल तर डीएनएसमधल्या नोंदी जशाच्या तशा न उतरवल्याने मेल बंद पडतात, आणि हे दोन-तीन दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही.

पैसे दिले म्हणजे डिझाइन आणि कोड आपला झाला, असं आपण गृहीत धरतो. कायदा तसं म्हणत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे ज्याने काम केलं तो पहिला मालक. पगारी नोकराचं काम मालकाचं होतं, पण बाहेरून कंत्राटावर काम करणारा डिझायनर तुमचा नोकर नसतो. हक्क तुमच्याकडे यायचे तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी हस्तांतर लागतं. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून करारात एक वाक्य हवंच: सगळे पैसे चुकते झाल्यावर या साइटसाठी खास केलेलं डिझाइन, कोड आणि मजकूर यांचे हक्क कायमचे आणि जगभरासाठी ग्राहकाकडे जातील. वकिलाची गरज नाही, दोन पानी साधा करार पुरतो. जे विकत घेतलेलं किंवा मुक्त स्रोतातलं आहे, म्हणजे वर्डप्रेस, थीम, प्लगइन, फाँट, ते डिझायनरच्या हातात नसतंच. त्यांची वेगळी यादी मागा आणि परवाना कोणाच्या नावाने घेतलाय तेही.

ती यादी मागण्यामागे दुसरं कारण आहे. पैसे वाचवायला काही जण फोडलेल्या, चोरीच्या थीम बसवतात. दिसायला अस्सल, पण आत कोणीतरी आधीच दार उघडं ठेवलेलं असतं. काही महिन्यांनी साइट वरवर ठीक चालते आणि गुगलच्या निकालात तिच्या नावाखाली जपानी अक्षरांतल्या बनावट दुकानांच्या ओळी येऊ लागतात. मालकाला पत्ता नसतो, कारण तो आपली साइट गुगलमधून कधी उघडतच नाही. हे तपासायची युक्ती सोपी आहे. गुगलच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, लगेच कोलन आणि जागा न सोडता आपला पत्ता टाइप करा. तुमची कोणती पानं गुगलला ठाऊक आहेत याचा साधारण अंदाज येईल. दहा पानांच्या साइटची हजार पानं दिसली तर समजा, घरात कोणीतरी शिरलंय. डिझायनरने जुनी कामं म्हणून दाखवलेल्या साइटींनाही हीच परीक्षा लावून बघा.

जुनी कामं बघायची तर फोटो किंवा लॅपटॉपवरची झलक बघू नका. पत्ते घ्या आणि स्वतःच्या मोबाइलवर, वायफाय बंद करून उघडा. कालपरवा झालेल्यापेक्षा दोन-तीन वर्षांपूर्वीच्या साइटी बघा, त्या अजून चालू आहेत का, दर आणि तारखा ताज्या आहेत का. गुगलचं पेजस्पीड इनसाइट्स हे साधन फुकट आहे. त्यात पत्ता टाकून मोबाइलचे गुण बघा. शंभराचा हट्ट नको, पण लाल रंग दिसला तर कारण विचारा. बहुतेकदा कॅमेऱ्यातून निघालेले पाच-सहा एमबीचे फोटो तसेच चढवलेले असतात. त्या साइटच्या मालकाला फोन करून एकच विचारा: काम झाल्यावर हा माणूस फोन उचलतो का?

“पहिल्या पानावर, पहिल्या क्रमांकावर आणून देतो” असं म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलच सांगतं.

मराठीत साइट करायची असेल तर डिझायनरची खरी पारख इथे होते, आणि दुर्दैवाने बहुतेक जण इथेच नापास होतात. इंग्रजी शीर्षकांत अक्षरांमध्ये थोडी जागा सोडायची फॅशन आहे. तीच सूचना देवनागरीला लागली की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो, बटणावरच्या शब्दाची मात्रा वरून छाटली जाते. डिझायनरने पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवली पाहिजे. ज्या फाँटांत सोय आहे, त्यांत त्यामुळे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात आणि काहीतरी परकं वाटतं, पण काय ते सांगता येत नाही. मुक्त आणि बालू हे मुंबईच्या एक टाइपचे फाँट फुकट आणि चांगले आहेत. परीक्षेसाठी एक ओळ द्या, ज्यात ‘दुसऱ्या’, ‘कृपया’, ‘हृदय’, ‘ट्रॅक्टर’, ‘ऑर्डर’ हे शब्द असतील, आणि ती मोबाइलवर दाखवायला सांगा.

जुनं माहितीपत्रक श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात असेल तर त्यातला मजकूर तसाच डकवता येत नाही, कारण तो युनिकोड नसेल तर अगम्य चिन्हांचा कचरा उमटतो. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण नंतर मुद्रितशोधन डोळ्यांनीच करावं लागतं. यावर काही डिझायनर शोधून काढतात तो उपाय म्हणजे अख्खं पत्रक चित्र म्हणून लावणं. चित्रातले शब्द गुगलला नीट सापडतील याचा भरवसा नाही, अंध वाचकाच्या फोनला नीट वाचून दाखवता येतीलच असं नाही आणि दर बदलला की चित्र नव्याने करावं लागतं. आणि गिऱ्हाईक शोधताना पुष्कळदा रोमन अक्षरांत टाइप करतं, हे लक्षात ठेवून गावाचं आणि मालाचं नाव दोन्ही लिपींत कुठेतरी येऊ द्या.

मजकूर आणि फोटो यांत साइट सगळ्यांत जास्त रखडते, आणि ती डिझायनरमुळे नव्हे, मालकामुळे. “पाठवतो, पाठवतो” म्हणत महिने जातात. बागेचे, पेटी भरणाऱ्या हातांचे, कापलेल्या फळाचे फोटो चांगल्या उजेडात फोनवर काढले तरी चालतात. गुगलवरून उचललेले मात्र नकोत. छायाचित्र विकणाऱ्या एजन्सीची नोटीस येते ती साइटच्या मालकाला, डिझायनरला नव्हे.

ऑनलाइन पैसे घेणार असाल तर पेमेंट गेटवेचं खातं तुमच्या फर्मच्या नावाने, पैसे थेट तुमच्या बँकेत. “आधी माझ्या खात्यात येतील, मी वळते करीन” हा प्रकार कितीही ओळखीचा माणूस असला तरी नको. गेटवे साधारण दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क घेतो, त्यावर जीएसटी. पेटीच्या दरात ते धरा. परतावा, गोपनीयता आणि अटी यांची पानं साइटवर असल्याशिवाय गेटवे मंजुरी देत नाही. ई-कॉमर्ससाठीचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियमही आहेत: विक्रेत्याचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर द्यावं लागतं, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. घरच्याच कोणाचं तरी नाव तिथे लागेल, तेव्हा जो फोन उचलतो त्याचं लावा. संमतीच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवणंही या नियमांत बसत नाही, तरी तयार थीममध्ये ती हमखास असते. गिऱ्हाइकांचे फोन आणि पत्ते तुम्ही साठवता, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्याशीही तुमचा संबंध येतो. ऑर्डरींची यादी डिझायनरच्या लॅपटॉपवर पडून राहायला नको.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. सुरुवातीला थोडा ॲडव्हान्स, डिझाइन पसंत पडल्यावर काही, साइट चालू झाल्यावर काही आणि शेवटचा मोठा हप्ता सगळं ताब्यात आल्यावर. डिझायनरच्या बाजूनेही बघा. दर आठवड्याला नवा विचार सुचणारा आणि शेवटचे पैसे सहा महिने लटकवणारा मालक त्यालाही भेटतच असतो. तेव्हा पसंती लेखी कळवा, बदल एकदम सांगा. ताबा घेताना डोमेन, होस्टिंग आणि साइट या तिन्हींचे मुख्य लॉगिन तुमच्या ईमेलवर आहेत ना, ते समोर बसून बघा, पासवर्ड तिथल्या तिथे बदला, बॅकअपची एक प्रत स्वतःच्या हार्डडिस्कवर घ्या. मग मुंबईतल्या एखाद्या नातेवाइकाला त्याच्या जुन्या फोनवरून एक पेटी मागवायला, ऑर्डर रद्द करायला लावा आणि पैसे परत जातात का ते बघा. वर्षाचा देखभाल करार करणार असाल तर त्यात अपडेट, बॅकअप, बिघाड झाल्यास किती तासांत हात लावणार आणि किती छोटे बदल फुकट, हे लिहून घ्या. नुसतं ‘एएमसी’ एवढंच लिहिलेल्या ओळीला काही अर्थ नसतो.

आणि आंब्यासाठी साइट हवी असेल तर दिवाळीनंतर लगेच कामाला लागा. गेटवेची केवायसी, फोटो, मजकूर, चाचणी यांत संक्रांत उजाडते. मार्चमध्ये डिझायनर शोधायला निघालात तर या हंगामात पेट्या व्हॉट्सॲपवरच विका आणि डोमेन तेवढं आजच घेऊन ठेवा.